मुंबई बेट: पाहुण्यांकरिता थोडा वृत्तांत

ज्युबिली महोत्सवाच्या निमित्ताने वसई, साष्टी, अलिबाग व गोमंतक या भागांतून पुष्कळ आप्तमंडळी चिंचपोकळीस येतील. मुंबई हे एक बेट आहे, ही गोष्ट त्यांतील तरुणांच्या सहसा ध्यानातही येत नाही. आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण आगगाडीतून येताना खाडीवरचा पूल क्षणात मागे पडतो व दोहोंकडे सारखीच घरे दिसतात. अशा पाहुण्यांस, व त्याचबरोबर येथेच जन्म काढलेल्या आमच्या पॅरिशच्या मंडळीस, या बेटाची थोडी ओळख करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

बेटांचे वर्णन कसे करावे, याचे नमुने युरोपातील ग्रंथांत पुष्कळ सापडतात. उदाहरणार्थ, भूमध्य समुद्रातील माल्टा घ्या. संत पॉल यांस कैदी म्हणून रोमेस नेत असता त्यांचे गलबत वादळात सापडून फुटले व त्यांस तीन महिने एका बेटावर राहावे लागले, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. ते बेट म्हणजे माल्टा, अशी परंपरा आहे. तेथे जाणाऱ्या प्रवाशास वाटाड्या सांगतो की, ही खाडी, हा खडक, येथे ते गलबत लागले. आणि प्रवाशाचा त्यावर विश्वास बसतो, कारण खडक अजून तेथेच आहे. भूमध्य समुद्रात भरतीओहोटी अगदी थोडी. माल्टाच्या किनाऱ्यावर तर पाणी वीतभर चढते व वीतभर उतरते. त्यामुळे तेथील बेटांची किनार नकाशात एकदा काढली की ती शतकानुशतके बहुतेक तशीच राहते.

आमच्या बेटाचे तसे नाही. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पाण्यात चार मीटरांहून अधिक अंतर पडते. त्यात जमीन सखल आणि किनारा बहुतेक चिखलाचा व तिवरांचा. यामुळे पूर्वी हे बेट दिवसातून दोन वेळा तुटत असे आणि दोन वेळा जुळत असे. कुलाबा, लहान कुलाबा म्हणजे म्हातारीचे बेट, मुंबई, माझगाव, परळ, वरळी व माहीम ही सात नावे शाळेतील मुलेही पाठ म्हणतात. परंतु सात हा आकडा भरतीच्या वेळचा आहे, हे त्यांस कोणी सांगत नाही. ओहोटी लागली म्हणजे यांतील कित्येक बेटांमधून माणूस चिखल तुडवीत पलीकडे जात असे. पायधुनी हे नाव त्यावरूनच पडले असे म्हणतात, कारण पलीकडून आलेला माणूस तेथे पाय धुऊन मग मुंबईत शिरे. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात राहणाऱ्या टॉलेमी नामक भूगोलवेत्त्याने हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर हेप्टानेशिया, म्हणजे सात बेटे, अशी एक नोंद केली आहे. ती मुंबईचीच असे पुष्कळ विद्वान मानीत आले आहेत. तसे असेल तर, ज्या खलाशांकडून त्याला ही माहिती मिळाली ते भरतीच्या वेळी येथून गेले असले पाहिजेत.

ही केवळ गमतीची गोष्ट नव्हे. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन व इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या विवाहाच्या तहान्वये मुंबई इंग्रजांस आंदण मिळाली, आणि १६६५ साली हंफ्री कुक याने तिचा ताबा घेतला. ताबा घेतला, पण कशाचा? पोर्तुगीज म्हणत, मुंबई म्हणजे मुंबई नावाचे तेवढे एकच बेट, माहीम निराळे. कुक माहीमवरही जाऊन बसला. त्याचे म्हणणे असे की, ओहोटीला एकावरून दुसऱ्यावर चालत जाता येते, तेव्हा दोन्ही एकच. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु इ काश्त्रु याने आपल्या राजास तक्रार लिहिली. हा न्याय मान्य केला तर ओहोटीला साष्टीसही चालत जाता येते, मग उत्तरेकडील आपला सारा मुलूख इंग्रजांचाच म्हणावा लागेल, असा तिचा आशय होता. आमच्या मते त्या वादात व्हाइसरॉयाची बाजू खरी होती. परंतु माहीम इंग्रजांकडेच राहिले. राज्यांच्या सीमा ओहोटीच्या चिखलावरून ठरल्याचे असे उदाहरण इतिहासात विरळाच.

आता या भूमीची ठेवण पाहू. मुंबईस दोन कणे आहेत. पश्चिमेचा कणा मलबार टेकडी, खंबाला व वरळी असा जातो. पूर्वेचा डोंगरी, माझगाव, शिवडी, अँटॉप हिल व शीव असा. या दोहोंमध्ये उत्तर-दक्षिण पसरलेली सखल भूमी आहे. महालक्ष्मी व वरळी यांच्या मधल्या खिंडारातून समुद्र या सखल भूमीत शिरत असे आणि उधाणाला पायधुनीपर्यंत पोहोचत असे. चिंचपोकळी परळ व माझगाव यांच्या दरम्यान येते. चिंचांची पोकळी, म्हणजे चिंचेच्या झाडांची सखल जागा, असाच तिच्या नावाचा अर्थ लावतात; ज्यांनी हे नाव ठेविले त्यांस येथील भूगोल आजच्या घरबांधणी करणाऱ्यांहून अधिक ठाऊक होता.

या कण्यांचा खडक ज्वालामुखीचा असून तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये वरळीच्या टेकडीत गाळाचा एक थर सापडतो, आणि त्या गाळात अंगठ्याच्या पेराएवढे बेडूक दगड होऊन बसलेले आढळले. १८४७ साली इंग्लंडात रिचर्ड ओवेन या प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन केले. बेडूक खाऱ्या पाण्यात राहत नाहीत. तेव्हा समुद्र येण्यापूर्वी येथे गोड्या पाण्याचे तळे होते, हे उघड झाले. याहून नवल वाटावे असा शोध पूर्व किनाऱ्यावर लागला. प्रिन्सेस डॉक ही गोदी १८८० साली खुली झाली. तिच्याकरिता खोदकाम चालू असता समुद्राच्या चिखलाखाली एक बुडालेले अरण्य निघाले. शेकडो झाडे, त्यांतील कित्येक मुळांवर जशीच्या तशी उभी. ती खैराची होती असे पाहणाऱ्यांनी नमूद केले आहे. खैर समुद्रात उगवत नाही. म्हणजे ती जमीन कोणे एके काळी कोरडी होती व मागाहून खचली. आमच्या चिंचपोकळीपासून ती गोदी पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

जिवंत झाडांची साक्ष मात्र गावांच्या नावांत राहिली आहे. चिंचपोकळी व चिंचबंदर चिंचेवरून, उमरखाडी उंबरावरून, वडाळा वडावरून, ताडदेव ताडावरून, फणसवाडीस तर अर्थ सांगावयास नकोच. परळ हे नाव पाडळीच्या झाडावरून आले असे सांगतात, आणि भायखळ्याच्या पूर्वार्धात कित्येकांस बाहवा दिसतो. याविषयी मतभेद आहेत व ते राहोत. परंतु ज्या पाहुण्यास लालबागच्या पुलावरून धुरकट आकाश व काचेचे मनोरे तेवढे दिसतात, त्याने ही नावे एकामागून एक मोठ्याने उच्चारून पाहावी. जुने बेट त्याला ऐकू येईल. किनाऱ्यालगत माडांच्या वाड्या, मध्ये खाजण व भातजमीन, कडेने मिठागरे, आणि उंचवट्यावर आंबा, फणस व ताड, असे ते होते. गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकाच्या मध्यास या बेटाचा पट्टेदार होता. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधिविषयक ग्रंथात त्याने आपल्या मुंबईतील एका आंब्याचा उल्लेख केला आहे. तो वर्षातून दोनदा फळत असे.

या वाड्या व भातजमिनी कोणाच्या होत्या? कोळी सर्वांत जुने. त्यांच्या मागून भंडारी, आगरी, पाठारे प्रभू, पाचकळशी. पोर्तुगीज अमदानीत यांतील पुष्कळ कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्यांचेच वंशज पुढे ईस्ट इंडियन म्हणून ओळखले जाऊ लागले. हे नाव १८८७ साली त्यांच्या संघाच्या स्थापनेच्या वेळी मुद्दाम धारण केलेले आहे. बेटांच्या उंचवट्यांवर त्यांची देवळे उभी राहिली: माहीमचे सेंट मायकेल १५३४ साली, दादरचे साल्वासांव १५९६ साली, माझगावचे ग्लोरिया १६३२ साली. पाण्याच्या वर कोणती जमीन असे, हे या देवळांच्या जागांवरून आजही पुष्कळसे कळते. ग्लोरिया तेवढे आपल्या मूळ जागी राहिलेले नाही. जुने पाडून १९११ ते १९१३ या काळात भायखळ्यास नवे बांधले. इंग्रज आल्यावर जमिनीच्या मालकीवरून तंटे माजले. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने १६७२ साली येथील रहिवाशांशी एक करारनामा केला, आणि दरसाल २०,००० शेराफिन देण्याच्या बोलीवर त्यांच्या जमिनी त्यांस कायम करून दिल्या. असा करार करण्याइतकी आपल्या पूर्वजांची या मातीवर मालकी होती, हे नव्या पिढीने विसरू नये.

त्यापुढील दोन शतकांचा इतिहास म्हणजे पाणी हटविण्याचा इतिहास होय. सखल भागात समुद्राचे पाणी शिरे व कुजे, माडांच्या मुळाशी मासळीचे खत घालीत, त्यातून दुर्गंधी व ताप. मुंबईत आलेल्या इंग्रजाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, असे ते स्वतःच म्हणत. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडार बांध घालून बंद करण्यात आले. हे काम १७८४ च्या सुमारास पुरे झाले. या बांधास वेलार्ड म्हणतात, व तो शब्द कुंपण अथवा बांध या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला आहे. बांध पुन्हा पुन्हा ढासळत असता रामजी शिवजी प्रभू या कंत्राटदारास देवीचा दृष्टांत झाला, वरळीच्या खाडीतून मूर्ती निघाल्या, आणि मग बांध टिकला, अशी महालक्ष्मीच्या मंदिराची आख्यायिका हिंदू बांधव सांगतात. पुढे १८०३ साली शीवचा बांधरस्ता, १८३८ साली कुलाब्याचा, व १८४५ साली माहीमचा. माहीमचा रस्ता सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांच्या देणगीतून झाला. तोपर्यंत वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेस जाणारी मंडळी माहीमहून तरीत बसून खाडी ओलांडीत.

बांध, रस्ते व गोद्या यांस गव्हर्नरांची व दात्यांची नावे मिळाली. ज्यांनी टोपल्या वाहिल्या त्यांची नावे कोठेही नाहीत. आणि ती भर कशाची होती, हेही सहसा लिहीत नाहीत. काही दगडमाती टेकड्यांची: डोंगरीची टेकडी कापली, माझगावची कापली. परंतु भायखळा व महालक्ष्मी यांच्या आसपासची जी सखल मैदाने इंग्रज फ्लॅट्स म्हणत, ती उंच करण्यास एकोणिसाव्या शतकात शहराचा केरकचरा वापरला. अशा रीतीने तयार झालेल्या ओलसर, स्वस्त जमिनीच्या आसपास गिरण्या उभ्या राहिल्या. कावसजी दावर यांची पहिली गिरणी ताडदेवास १८५६ साली सुरू झाली, आणि पुढील पन्नास वर्षांत भायखळ्यापासून परळपर्यंत धुराड्यांचे रान माजले. रत्नागिरी, सातारा, गोवा येथून माणसे आली व एकेका खोलीत दहा-दहा राहू लागली. गोव्याच्या मंडळीने आपापल्या गावाचे कूड काढिले.

याच सुमारास परळास जे घडले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. पोर्तुगीज काळातील मठ व प्रार्थनामंदिर इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या आरंभी जप्त करून त्याचा गव्हर्नराचा बंगला केला होता. प्रार्थनामंदिराच्या जागी मेजवानीचा दिवाणखाना व नाचघर झाले. तेथे १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी पटकीने वारली. लवकरच गव्हर्नरांनी परळ सोडले व ते मलबार टेकडीच्या टोकास राहावयास गेले. हवा वाईट ठरली ती साहेबांपुरती. गिरणीकामगारांकरिता तीच हवा पुढेही पुरेशी मानण्यात आली. १८९६ साली प्लेग आला. डॉक्टर हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या त्याच बंगल्यात आली. आजची हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच. मठ, नाचघर, प्रयोगशाळा: तीन उपयोगांपैकी पहिला व शेवटचा आम्हांस योग्य वाटतो.

पाहुण्यांनी काय पाहावे, ते आता थोडक्यात सांगतो. प्रथम भायखळ्याची राणीची बाग, जी १८६२ साली खुली झाली. तेथे आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे. तिचा बुंधा पाहून मुलांस आनंद होईल. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर दगडाचा हत्ती आहे. घारापुरीस पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिले ते याच हत्तीवरून. १८६४ साली तो विलायतेस नेण्याचा बेत होता, परंतु उचलताना तो फुटला व येथेच राहिला. आमच्या मते फार बरे झाले. तेथून माझगावास जावे. माथारपाखाडी हे आपल्या लोकांचे जुने गाव गोदीच्या मागे अजून जीव धरून आहे. लाकडी जिने, कौले, आणि प्लेगच्या काळात १८९७ साली उभारलेले होली क्रॉसचे लहान प्रार्थनामंदिर तेथे पाहावयास मिळते. लोकमान्य टिळकांचे सहकारी व १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले काका बॅप्टिस्टा याच गावचे. जवळच्या भंडारवाड्याच्या टेकडीवर त्यांच्या नावाची बाग आहे. तेथून बंदर दिसते. परळास बारादेवीच्या देवळात १९३१ साली सापडलेली शिवाची प्रचंड शिल्पशिला आहे, तीही पाहण्यास कोणी संकोच करू नये. ती या बेटाच्या प्राचीन वस्तीची साक्ष आहे.

गिरण्या पाहण्यास आता उरल्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष कामगारांनी संप पुकारला, आणि तो रीतसर मिटल्यावाचूनच संपला. आमच्या पॅरिशमध्ये अशी घरे आहेत जेथे तो विषय अजून जेवताना काढीत नाहीत. कचऱ्याच्या भरीवर उभी राहिलेली ती स्वस्त जमीन पुढे देशातील अत्यंत महाग जमिनींत मोजली जाऊ लागली, आणि जिच्यावर तीन पिढ्या राबल्या त्यांची मुले विरार, कल्याण व पनवेल येथून आगगाडीने मिस्सेस येतात. जुन्या रहिवाशांस ऑंजियरचा करारनामा मिळाला होता. यांस तसा कागद कोणी लिहून दिला नाही.

परंतु पाणी आपली जुनी जागा विसरलेले नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्यास शंभराचीही मजल गाठली नाही. एकाच शहराच्या दोन टोकांत एवढे अंतर! इतका पाऊस रोज होत नाही. परंतु दरसाल जून ते सप्टेंबर या महिन्यांत एखादे तरी उधाण असे येते की, त्याच वेळी पाऊस कोसळत असतो, आणि मग परळच्या हिंदमाताजवळ माणसे गुडघाभर पाण्यातून चालतात. याचे कारण साधे आहे. हा भाग भरतीच्या पातळीहून खाली आहे, आणि समुद्र चढला की मोऱ्यांची तोंडे बुडून पाणी आत कोंडते. हाजीअली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर व ब्रिटानिया येथे पंप बसविले आहेत. ते पाणी उपसून भरतीच्या विरुद्ध समुद्रात लोटतात. त्यांनी पुष्कळ उपयोग झाला हे खरे. तथापि पावसाळ्यात पॅरिशच्या कार्यक्रमाची तारीख ठरविताना आम्ही पंचांगाबरोबर भरतीचे कोष्टकही पाहतो.

जुन्या मुंबईचे मूळ रूप पाहण्याची ज्यास इच्छा असेल, त्याने डिसेंबर ते मार्च या दिवसांत शिवडीस जावे. किल्ल्याखालच्या दलदलीत तिवरे आहेत, काळा चिखल आहे, आणि हिवाळ्यात तेथे हजारो रोहित पक्षी चरावयास उतरतात. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला अटल सेतू तेथूनच निघून खाडी ओलांडतो, आणि पक्षी त्याच्या छायेत माना खाली घालून उभे असतात. भरतीला जाऊ नये. पाण्यावाचून काही दिसणार नाही. ओहोटी लागून दोन तास झाले की चिखल उघडा पडू लागतो. रे रोडवरून गाडीने दोन स्थानके, पुढे थोडे पायी. लहान मुले बरोबर असल्यास त्यांस जुन्या चपला घालाव्या, आणि घरी परतल्यावर त्यांचे पाय धुवावे.